पिवळ्या रेषेतली गच्ची

तहान लागल्यावर विहीर खणायला घेणाऱ्या माणसांशी माझं कधी पटलं नाही. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी प्लॅनिंग डिपार्टमेंटला काढली. तिथे नवं मशीन यायचं असलं, की ते यायच्या कितीतरी आधी आम्ही त्याच्या जागेवर पिवळ्या रंगाने चौकोन आखायचो. ट्रॉलीचा रस्ता, माणसांनी चालायचा गँगवे, हत्यारांचा कोपरा, सगळं जमिनीवर खऱ्या मापात. मग महिनाभर सगळ्यांनी त्या न आलेल्या मशीनला वळसा घालून चालायचं. कुणाची ट्रॉली अडली, कुणाचा धक्का कुणाला लागला, तर रेष हलवायची. रेष हलवायला ब्रश पुरतो, मशीन हलवायला क्रेन लागते. हे वाक्य माझं आहे आणि डिपार्टमेंटच्या भिंतीवर ते बरीच वर्षं लावलेलं होतं. खाली नाव नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. 'इंगोले रिटायर झाल्यापासून जरा तसेच वागतात' हे त्यातलं सगळ्यात सौम्य. त्या वागण्यामागे शास्त्र होतं, एवढं लोकांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

मुलुंडला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. खालचे दोन मजले दुकानं, आणि दुकानांच्या डोक्यावरची गच्ची आमच्या हॉलला लागून, आमच्या मालकीची. फ्लॅट घेताना याच गच्चीवर मी भाळलो होतो. पुढे तिच्यावर कपडे वाळले, कुरडया वाळल्या, एकदा गादी वाळली. माणूस म्हणून कुणी तिथे बसलं नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या बौद्ध घरांमध्ये पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास असतो. संध्याकाळी बायका कुणाच्या तरी घरी जमून ग्रंथवाचन करतात आणि अश्विन पौर्णिमेला समारोप होतो. पांढऱ्या साड्या, वंदना, शेवटच्या प्रकरणाचं वाचन आणि मग खीर. आमचा हॉल लहान, त्यामुळे समारोप कायम दुसऱ्यांच्या घरी. नंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, तिथे जायची आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून खीर ढवळायची. वाचन तिला कधी नीट ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. खीर मात्र कधी लागली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या समारोपाला महिला मंडळाच्या शेवंतीताईंनी विचारलं, "पुढच्या साली कुणाकडं?" शेवंतीताई मूळच्या वाशीमच्या, आवाज असा की माइक लाजेल. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. नंदा जमिनीकडे बघत होती. मी दारात चप्पल शोधत होतो, तिथूनच म्हणालो, "आमच्याकडे! गच्चीवर! बसायला बाक, वर छप्पर, कोपऱ्यात झोपाळा. सगळं तयार असेल."

टाळ्या पडल्या. घरी येताना नंदा रिक्षात म्हणाली, "खरंच करणार ना? चारचौघींत बोललात म्हणून विचारते. नाहीतर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"नंदा," मी म्हणालो, "प्लॅनिंग कुणाचं आहे?"

त्यावर ती जी हसली, ते मला पुढे वर्षभर पुरलं.

दुसऱ्याच आठवड्यात मी कारखान्यातल्या ओळखीने फरशीवर मारायचा पिवळा रंग मिळवला. हा रंग साधा नव्हे. वाळायला दोन तास घेतो, पण एकदा वाळला की वरून फोर्कलिफ्ट गेली तरी हलत नाही. रविवारी मी दोरी, टेप आणि ब्रश घेऊन गच्चीवर बसलो आणि संध्याकाळपर्यंत अख्खी बैठक आखून काढली. भिंतीलगत लांब बाक. मधे टेबल. झोपाळा, आणि झोपाळ्याच्या झोक्याला लागेल तेवढी जागा. कुंड्या. चपलांचा चौकोन. आणि स्वयंपाकघराच्या दारापासून टेबलापर्यंत दुहेरी रेषांचा गँगवे. प्रत्येक चौकोनात मी नाव लिहिलं. काम झाल्यावर कठड्याला टेकून बघितलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला.

घरच्यांना नियम सांगितले. बाकावरून चालायचं नाही. टेबलाला वळसा घालायचा. गँगवेत उभं राहायचं नाही, गँगवे ये-जा करण्यासाठी असतो. आमची लेक मनाली म्हणाली, "पप्पा, तिथे काहीच नाहीये."

"आज नाहीये," मी म्हणालो.

नंदा चहाचा ट्रे घेऊन गँगवेच्या तोंडाशी उभी होती. तिने सगळे चौकोन एकेक करून वाचले. "छान आहे," ती म्हणाली. "पण यात मी कुठे बसते?"

"तू?" मी म्हणालो. "तुझी गँगवेत ये-जा चालू असेल ना."

ती ट्रे ठेवायला टेबल शोधू लागली, ते नव्हतं, म्हणून आत घेऊन गेली.

आता आमच्या बिल्डिंगची एक गंमत अशी, की आमच्या गच्चीवर वरच्या पाचही मजल्यांच्या खिडक्या उघडतात. कारखान्यात माझे प्लॅन मॅनेजर लोक टेबलावर वाकून बघायचे. इथे अख्खी विंग खिडकीत वाकून बघू लागली. सकाळी दात घासायचा ब्रश तोंडात धरून पाचव्या मजल्यावरचे हर्षदभाई म्हणाले, "कुंडलिकभाई, झोपाळा तिथे नको हां. तिथे चार वाजता ऊन येते. आपल्याला झोपाळ्यावर बसायचा, पापड नाय वाळवायचा!"

मी वेळ बघितली, ऊन बघितलं. सल्ला रास्त होता. झोपाळा हलवला, पांढऱ्या रंगाने. चौथ्या मजल्यावरच्या तेरेसाबाई म्हणाल्या, "कुंडलिक, बाक माझ्या दोरीखाली नको रे बाबा. माझ्या चादरी गळतात. मग तू मला बोलशील." बाक हलवला, लाल रंगाने. मग बाक चपलांवर आला म्हणून चपला हलवल्या, निळ्याने. चपला कुंड्यांत गेल्या. प्रत्येक जण येता-जाता विचारायचा, 'आज काय हललं?' असा मान मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. फक्त जुन्या रेषा जाईनात. रंग किती चांगला होता ते मी सांगितलंच आहे. मी जुन्या रेषांवर फुल्या मारल्या. लवकरच बिल्डिंगमधली पोरं गच्चीवर लंगडी खेळायला येऊ लागली. त्यांना ते आम्ही त्यांच्यासाठीच केलंय असं वाटलं. शेवटी मी सगळा विचार करून, चपलांचा चौकोन तेवढा निळाच ठेवून, अंतिम प्लॅन पुन्हा पिवळ्याने पक्का केला, आणि तिथेच घोडं अडलं.

त्या दिवशी हर्षदभाई अंतिम प्लॅन जवळून बघायला आले. मी ओरडलो, "ओला आहे! दोन तास!" तोवर त्यांची एक चप्पल बाकात आणि दुसरी झोपाळ्यात. गृहस्थ घाबरले आणि मागे फिरले ते थेट आमच्या हॉलमधून, जिन्यापुढून, लिफ्टमध्ये. नव्या ग्रॅनाइटवर पिवळी पावलं उमटत गेली. सोसायटीने ते ग्रॅनाइट नुकतंच बसवलं होतं आणि त्याचं उद्घाटनही झालं होतं.

आमचे सेक्रेटरी देवव्रत सबनीस सहाव्या मजल्यावर राहतात. माणूस वाईट नाही, पण नियम दिसला की त्यांना भूक लागते. ते पावलांचा माग काढत लिफ्टपासून उलटे चालत आले आणि आमच्या गच्चीच्या दारात उभे राहिले.

"इंगोले, हे काय बांधताय?"

"बैठक," मी अभिमानाने सांगितलं. "हा बाक, तो झोपाळा, वर छप्पर येईल."

"एनओसी?"

"प्लॅन पूर्ण झाला की अर्ज करणारच होतो."

"म्हणजे बांधकाम आधी आणि अर्ज नंतर!" सबनीस म्हणाले. ग्रॅनाइटचं दुःख ताजं होतं. त्यांनी तक्रार सोसायटीत न ठेवता वर महापालिकेत पाठवली. गच्चीवर अनधिकृत बाक, टेबल, झोपाळा व छप्पर, असं त्यात लिहिलं होतं. मला राग आला, पण एका बाजूने बरंही वाटलं. माझी आखणी इतकी हुबेहूब होती की सबनिसांनी कागदावर तिचं खरं बांधकाम करून टाकलं होतं.

पाऊस सुरू झाला, वर्षावास सुरू झाला, आणि एक दिवस तपासणीला एक साहेब आले. प्रीतम नाव, वय मनालीएवढं, खांद्याला बॅग. पाऊस उघडला होता. मी त्यांना गच्चीवर नेलं.

"साहेब, जरा डावीकडून या. तिथे टेबल आहे."

साहेबांनी वळसा घातला. मी नंदाकडे बघितलं. सरकारने माझ्या टेबलाला वळसा घातला होता.

साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. "बांधकाम कुठेय?"

"व्हायचंय."

"मग तक्रार कशाची आहे?"

"व्हायच्या बांधकामाची असावी."

"व्हायचं बांधकाम पाडता येत नाही हो," साहेब काकुळतीला येऊन म्हणाले.

"मग तक्रार बंद करून टाका."

"पाडल्याशिवाय बंद कशी करू? पाडायच्या आधीचा एक फोटो लागतो आणि पाडल्यानंतरचा एक. नंतरचा आता मिळेल. आधीचा आहे का?"

आधीचा नव्हता. मनालीने सुचवलं, दोन बाकडी आणून ठेवू, फोटो काढू, मग उचलू. मी साफ नकार दिला. न केलेला गुन्हा करून दाखवायचा आणि मग त्याची माफी मागायची, हे माझ्या स्वभावात बसत नाही. साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात नंदाने चहा आणला. साहेब एका हाताने लिहीत होते, दुसऱ्या हातात कप. मधे त्यांना पान उलटायचं होतं. त्यांनी लिहिता लिहिताच हात बाजूला नेला, आणि कप टेबलावर ठेवला.

कप अर्थातच फुटला. साहेब ओशाळले. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. प्लॅन असावा तर असा, की परका माणूस त्यावर बेलाशक कप ठेवील!

"पाहुण्यांसाठीचा सेट होता तो," साहेब गेल्यावर नंदा म्हणाली. काच गोळा करताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

तर असं झालं. आधीच्या फोटोशिवाय तक्रार बंद होईना, तक्रार बंद झाल्याशिवाय सोसायटी एनओसी देईना आणि एनओसीशिवाय छप्पर-बाक बनवणारा फॅब्रिकेटर फोन उचलेना. रोज संध्याकाळी नंदा पांढरी साडी नेसून वाचनाला जायची. तिथे बायका विचारायच्या, 'काय गं, झोपाळा आला का?' ती काय सांगायची मला माहीत नाही. परत आल्यावर गच्चीच्या दारात क्षणभर थांबायची आणि आत जायची.

पौर्णिमा आठवड्यावर आली तेव्हा तिने माझ्यासमोर बसून सांगितलं, "मी शेवंतीताईंना फोन करते. दुसरीकडे करू समारोप म्हणावं."

"नंदा, प्लॅन पूर्ण आहे. फक्त अंमलबजावणी..."

"अहो, तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांना तुम्ही नावं ठेवता," ती म्हणाली. "तुम्ही विहिरीचा नकाशाच काढत बसता. माणूस तोवर तहानेनं जातो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी खीर ढवळली. एकदा वाटलं होतं, आपल्या घरी बसावं."

तिचे डोळे भरले होते. मला इतकं लाजल्यासारखं आयुष्यात झालं नव्हतं. भिंतीवरचं वाक्य, हललेल्या रेषा, सगळं एकदम पोरकट वाटू लागलं. तरी मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. "कुठेही जायचं नाही," म्हणालो. "इथेच होणार." कसं होणार ते मला माहीत नव्हतं. नोकरीत आणि संसारात मिळून प्लॅनशिवाय केलेलं हे माझं पहिलं विधान.

पौर्णिमेला संध्याकाळी बायका आल्या. पांढऱ्या साड्यांनी आमचा हॉल भरला, पॅसेज भरला. शेवंतीताई सगळ्यांत पुढे. गच्चीच्या दारात त्या थबकल्या.

"जय भीम, कुंडलिकराव. छप्पर कुठंय?"

"जय भीम, ताई. प्लॅनमध्ये आहे."

"अन् झोपाळा?"

"तोही."

शेवंतीताईंनी खाली बघितलं. पुरता भरलेला चंद्र नुकता बिल्डिंगच्या आडून निघत होता आणि त्या उजेडात मोकळ्या गच्चीवर नुसत्या पिवळ्या रेषा. मागे बायका कुजबुजू लागल्या. नंदा बुद्धमूर्तीसाठी फुलांचं तबक घेऊन उभी होती, ती दगडासारखी. कुणीतरी पुढे झाली आणि मधेच चटई टाकू लागली.

"ओ बेन, तिकडे नको!" वरून आवाज आला. हर्षदभाई खिडकीत होते. "तिकडे झोपाळा छे! तुम्ही बाकावर बसा ना, भिंतीकडे!"

"आणि चपला निळ्या चौकोनात काढा हां," चौथ्या मजल्यावरून तेरेसाबाई. "जुन्या पिवळ्यात नाही, ते रद्द झालं. गँगवे सोडा, मधला गँगवे सोडा!"

मी वर बघितलं. सगळ्या खिडक्या भरल्या होत्या. वर्षभर माझा प्लॅन बघून बघून अख्ख्या विंगला तो पाठ झाला होता. शेवंतीताईंनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि मग त्यांचा तो आवाज लागला, "ऐकलं ना गं? बाकावर चटया घाला. टेबलावर मूर्ती. म्हाताऱ्या झोपाळ्यावर बसतील. हला!"

पुढे जे झालं ते मी अभिमानाने सांगतो, कारण असं काम मी कारखान्यातही पाहिलं नव्हतं. चटया रेषेला रेष लागून बसल्या. मूर्ती, मेणबत्त्या, फुलं टेबलाच्या चौकोनात नेमकी मावली. कुणाचा पदर कुणाच्या पायाखाली आला नाही. म्हाताऱ्यांना आत-बाहेर जायला गँगवे मोकळा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खरा बाक, खरं टेबल आणि खरा झोपाळा असता, तर यातल्या निम्म्या बायका जिन्यात बसल्या असत्या. हे मी आधीच हेरलं होतं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

वंदना झाली. शेवटच्या प्रकरणाचं वाचन यजमानीण करते. नंदा ग्रंथ घेऊन आली आणि उभीच राहिली. बाक भरलेला, झोपाळा भरलेला, कुंड्यांच्या जागीसुद्धा दोघी. ती गँगवेत उभी.

"नंदा, गँगवेत उभं राहायचं नाही," शेवंतीताई म्हणाल्या. "यांचा नियम आहे ना?"

सगळ्या हसल्या. नंदा हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "मग मी कुठे बसू?" ती म्हणाली, अगदी हळू.

मी आत गेलो. माळ्यावरून रंगाचा डबा काढला, ब्रश घेतला. परत येऊन मधल्या दोघींना जरा सरकायला सांगितलं, मूर्तीच्या बरोबर समोर नवी चटई टाकली आणि नंदाला म्हणालो, "बस." ती बसली. मग टेप न लावता, दोरी न धरता, मी गुडघ्यावर बसून तिच्याभोवती चौकोन आखला. कारखान्यात अशी वाकडी रेष मी कुणाला खपवून दिली नसती. आत तिचं नाव लिहिलं. अक्षरं थोडी ओघळली.

नंदाने ग्रंथ उघडला आणि वाचू लागली. तिचं वाचन मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. आवाज एकदा कापला, मग लागला तो शेवटपर्यंत.

वाचन संपलं, 'साधू साधू'चा गजर झाला, आणि सवयीने नंदा खीर आणायला उठू लागली.

"ओला आहे!" मी ओरडलो. "दोन तास!"

तिने खाली बघितलं. चारी बाजूंनी ओला पिवळा रंग आणि अंगावर पांढरीशुभ्र साडी. ती पुन्हा बसली.

"मग खीर कोण वाढणार?" तिने विचारलं.

खीर मी वाढली. गँगवे आखणं आणि त्यातून भरलं पातेलं घेऊन ये-जा करणं यात फरक आहे, हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. गँगवे आणखी हातभर तरी रुंद हवा होता. पण पहिली वाटी मी नंदाला दिली, रेषेच्या बाहेरून, हात लांब करून. वरून तेरेसाबाई ओरडल्या, "बस गं नंदा! खाऊ दे त्याला धक्के!" मनालीने वरच्या जिन्यातून भरलेल्या गच्चीचा फोटो काढला आणि म्हणाली, "पप्पा, हा घ्या, आधीचा. सकाळी रिकामी झाली की नंतरचा." सबनीस बिल्डिंगच्या कोजागिरीचं आमंत्रण द्यायला आले होते, ते निळ्या चौकोनात चपला काढून, गँगवेतून नीट चालत आले. वाटी घेऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी कोजागिरी इथे ठेवली तर? वरच्या गच्चीत टाक्यांना अडखळून लोक पडतात." मी म्हणालो, "अर्ज करा."

बायका गेल्या. शेवंतीताई जाताना म्हणाल्या, "झाक बांधलंय, कुंडलिकराव." मी नम्रपणे मान झुकवली. बांधलं काहीच नव्हतं, पण त्यांना दुरुस्त करायची ही वेळ नव्हती.

गच्चीवर आम्ही दोघंच उरलो. नंदा चौकोनात पाय पसरून बसली होती. मी वाकून रेषेला बोट लावून पाहिलं. बोट कोरडं होतं. रंग कधीच वाळला होता.

"वाळला का हो?" तिने विचारलं.

"छे, अजून ओला आहे," मी म्हणालो. "बस तू. खीर आणतो."

नंदाने आपला पंजा त्या पिवळ्या रेषेवर पुरता टेकवला, मागे रेलली आणि चंद्राकडे बघत म्हणाली, "हो, चांगलाच ओला आहे."